दारापुढचा पट्टा

छबुबाई उमापूरहून सिरसाळ्याला नांदायला आली तेव्हा त्या घरात आवाज असायचा तो फक्त लाकूड तासायच्या वाकसाचा. नवरा गहिनीनाथ सुतार पडवीत बसून तिफणी, कुळव, बैलगाडीचे साटे करायचा. सासू सुंदरबाई ढलप्यांची पाटी भरून चुलीपाशी आणून ठेवायची. घर साधं होतं. पुढं लांब पडवी, पडवीतून आत जायला एकच दार, आणि आत माळवदाची एक मोठी खोली. त्याच खोलीत चूल, तिथंच उखळ, तिथंच निजायचं. मागच्या भिंतीला दुसऱ्याचं घर चिकटलेलं होतं, त्यामुळं मागं दार काढायची सोय नव्हती. उजेड यायचा तो दारातून. धूर जायला माळवदात हातभर भोक ठेवलेलं होतं, तेवढंच.

जागा विरुपाक्ष आप्पांची होती. आप्पा बाजारातले मोठे व्यापारी, लिंगायत, कपाळावर सदा भस्म. लाकूड, लोखंड आणि सरकी असा त्यांचा व्यापार होता. त्यांच्या वडिलांनी गहिनीनाथच्या वडिलांना ‘इथं घर बांध’ असं तोंडी सांगितलं होतं. कागद कुणी केला नव्हता आणि कुणी मागितलाही नव्हता. आप्पा माणूस वाईट नव्हते. फक्त त्यांना कधी कुणी नाही म्हटलेलं नव्हतं, त्यामुळं ते विचारायचेही नाहीत.

निजामाचं राज्य होतं. परळीपर्यंत आगगाडी आली आणि तिच्यामागोमाग आप्पांनी मागवलेलं तेलावर चालणारं इंजन आलं. त्याच्याबरोबर एक लोखंडी मेज आणि परातीएवढी गोल करवत. बैलगाड्यांतून सगळं सिरसाळ्यात आणलं, तेव्हा गाव बघायला जमलं. आप्पा गहिनीनाथच्या पडवीपुढं उभे राहिले आणि म्हणाले, “इथं बसवायचं. सुताराच्या घरी करवत, यापेक्षा चांगली जागा कोणती?”

बसवायला मस्तान मिस्त्री आला होता. तो औरंगाबादकडचा, सरकीच्या कारखान्यांतून इंजनं दुरुस्त करत फिरणारा. त्यानं पडवीच्या एका टोकाला करवतीचं मेज ठेवलं. इंजन दुसऱ्या टोकाला, पडवीच्या बाहेर, कारण त्याचा धूर फार. दोन्हींच्या मधून कातड्याचा रुंद पट्टा जाणार होता. इंजनाचं चाक फिरलं की पट्टा फिरणार आणि पट्ट्यानं करवत फिरणार. मिस्त्रीनं दोरी धरून माप घेतलं आणि थांबला. दोरी बरोबर घराच्या दारापुढून, बाईमाणसाच्या कमरेएवढ्या उंचीवरून जात होती.

“आप्पा, ये ठीक नाही,” तो म्हणाला. “पट्टा दरवाज्यापुढं आला. चालू असताना कुणी आत-बाहेर करू शकणार नाही.”

“मग इंजन थांबल्यावर करतील,” आप्पा म्हणाले.

गहिनीनाथ मेजाखाली दगड लावायला वाकला. छबुबाई आतून ऐकत होती. आप्पांसमोर बाईनं बोलायची रीत नव्हती, म्हणून ती दारामागंच उभी राहिली.

त्या दिवसापासून घराला दार असून नसल्यासारखं झालं. उजाडलं की छबुबाई आधी पाणी भरून घ्यायची, सासूला बाहेर नेऊन आणायची आणि चुलीला जळण आत घ्यायची. मग गहिनीनाथ इंजनाचं मोठं चाक दोन्ही हातांनी फिरवायचा. इंजन आधी खोकल्यासारखं करायचं, मग भडभड चालू व्हायचं. दारापुढचा पट्टा हलायचा, हेलकावायचा आणि बघता बघता इतका वेगात जायचा की तो तिथं आहे हे वाऱ्यावरूनच कळायचं. करवत लाकडात शिरली की भुसा आत उडून यायचा, पिठात पडायचा. म्हणून दार लावून घ्यावं लागे. दार लावलं की आत अंधार. दोघी बायका अंधारात बसून राहायच्या. एकमेकींशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागे. उन्हाळ्यात माळवद तापायचं, आणि सुंदरबाई भिंतीला डोकं टेकून नुसती बसायची.

“आपण कावून असं कोंडून घ्यावं?” छबुबाईनं एकदा संध्याकाळी नवऱ्याला विचारलं. “तुमी आप्पांना सांगा. इंजन तिकडच्या अंगाला न्या म्हणावं.”

“सांगतो,” गहिनीनाथ म्हणाला. तो भाकरी मोडत होता. थोड्या वेळानं म्हणाला, “सांगायचं सोपं हाय. मग ते म्हणतील, तुला जमत न्हाई, दुसरा बघतो. दुसरा आला तर तो कुठं बसंल? इथंच की. मग आपण कुठं जायचं?”

उमापूरला भावांचं भरलेलं घर होतं, तिथं नवरा आणि सासू घेऊन जाता येत नव्हतं. ती विषय सोडून उठली.

गहिनीनाथ करवतीला भ्यायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, पण बायकोला ते कळत होतं. हातकरवतीनं लाकूड कापताना तो गुणगुणायचा. या करवतीपुढं उभा राहिला की त्याचे खांदे कानापर्यंत वर यायचे. पात्यावर झाकण नव्हतं. लाकूड हातानंच पुढं ढकलायचं, आणि लाकूड संपत आलं की हात पात्याच्या जवळ जायचे. थांबवायचं म्हटलं तर पडवीला वळसा घालून इंजनापाशी जाऊन तेलाची तोटी बंद करावी लागे, आणि तरीही मोठं चाक बराच वेळ फिरत राहायचं.

चैत्र सरत आला होता. आप्पांना बाजारतळावरच्या नव्या गाळ्यांसाठी दारं-चौकटी हव्या होत्या, म्हणून इंजन सकाळपासून चालू होतं. सुंदरबाईला त्या दिवशी ताप भरला. ती सारखी पाणी मागत होती, आणि आतली घागर दुपारच्या आतच रिकामी झाली. छबुबाईनं दार उघडलं आणि उंबऱ्यावर उभी राहून नवऱ्याला हाका मारल्या. त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं. तिनं हात हलवले, पण त्याची नजर लाकडावर होती. पट्टा तिच्या पोटापुढून जात होता. त्याच्याखालून वाकून जावं असं तिच्या मनात आलं, लुगडं आवळून ती वाकलीही, पण वाऱ्यानं पदर पट्ट्याकडं ओढला गेला तेव्हा ती मागं सरली. नवरा वर बघेल तेव्हा बघेल म्हणून तिथंच उभी राहिली. म्हणून पुढं जे झालं ते तिनं सगळं पाहिलं.

तो बाभळीची फळी चिरत होता. वाकड्या वाढलेल्या बाभळीच्या लाकडात ओढ असते. चीर पुढं जात होती तशी ती मागं मिटत चालली होती, आणि मिटत आलेल्या लाकडानं पातं दोन्ही अंगांनी आवळलं. करवतीचा आवाज बदलला. गहिनीनाथनं जोर लावला, आणि त्याच क्षणी फळी उसळून उलटी आली ती सरळ त्याच्या बरगडीत बसली. तो पुढं कोसळला. डावा हात मेजावर टेकायला गेला तो पात्यावर पडला. हात त्यानं ओढून घेतला, पण घाम पुसायला गळ्यात घातलेला पंचा खाली लोंबत होता. करवतीच्या आसानं त्याचं टोक पकडलं आणि गुंडाळायला सुरुवात केली.

छबुबाईनं पाहिलं की नवऱ्याची मान खाली जातेय, लोखंडाकडं. दारातून तो चार पावलांवर होता. मधे पट्टा.

ती आत वळली. उखळाजवळ मुसळ उभं होतं. ते उचलून ती दारात आली, एक पाय चौकटीला रेटला आणि मुसळाचं टोक पट्ट्याच्या कडेला लावून बाहेरच्या बाजूला ढकललं. पट्टा सरकेना. मुसळ तिच्या हातात थरथरत होतं, दातांपर्यंत थरथर जाणवत होती. तिनं दोन्ही पाय रोवून सगळं अंग मुसळावर टाकलं. पट्टा करवतीच्या चाकावरून कडेला सरकला, अजून थोडा सरकला आणि सुटला. सुटलेलं कातडं चाबकासारखं दारातून आत आलं. तिच्या गालावर आणि खांद्यावर तडाखा बसला, मुसळ उडून गेलं आणि मनगटात काहीतरी कडकन वाजलं.

करवत गरगरत थांबली. रिकामं इंजन मात्र बाहेर जास्तच जोरात भडभडत राहिलं. छबुबाई उठून पडवीत आली. खाली पडलेली पटाशी उजव्या हातानं घेऊन तिनं पंचा कापला. गहिनीनाथ जमिनीवर घसरला आणि खरखरत श्वास घेऊ लागला. मग तिनं त्याच्या हाताकडं पाहिलं, आणि पदर फाडून बांधायला घेतला.

शेजारी धावत आले, एकीनं आत जाऊन सुंदरबाईला पाणी पाजलं. धुळाजी शेतकऱ्यानं आपली गाडी जुंपली आणि दोघा नवराबायकोंना परळीच्या दवाखान्यात नेलं. गहिनीनाथ वाचला. डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी उरली. छबुबाईचं मनगट बांधून दिलं होतं. ते पुढं सांधलं, पण थोडं वाकडंच.

ते घरी परतल्यावर आप्पा आले. पडवीत उभे राहून त्यांनी गहिनीनाथच्या हाताकडं पाहिलं आणि खाली बघितलं. “लई वाईट झालं,” ते म्हणाले. खरंच वाईट वाटत होतं त्यांना. मग म्हणाले, “बाजार झाला की केजकडून माणूस येतोय. काम अडकलंय. तो इथंच पडवीत राहील.”

“आन आमी?” छबुबाईनं विचारलं. आप्पांशी ती पहिल्यांदाच बोलत होती.

“तुमी आत ऱ्हा की. तुमाला कोण काढतंय?”

गहिनीनाथ भिंतीकडं तोंड करून निजला होता. सुंदरबाई सुनेकडं बघत होती, गप्प बस अशा नजरेनं. आप्पांनी मेजाकडं, चाकाकडं पाहिलं आणि विचारलं, “पट्टा कुठं गेला?”

“आत हाय.”

“आण बाहेर. नवा माणूस आला की चढवील.”

“न्हाई देणार,” छबुबाई म्हणाली.

आप्पांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं पुन्हा सांगितलं. दारापुढून पट्टा जाणार असेल तर पट्टा मिळणार नाही. आत म्हातारं माणूस आहे. पाणी मागितलं तर देता येत नाही, आग लागली तर बाहेर पडता येत नाही. आप्पा म्हणाले, जागा माझी आहे, पोलीस अमीनाला बोलावीन. ती म्हणाली, बोलवा. मग तिनं दार लावलं आणि आतून अडसर घातला.

पट्ट्याची वळकटी तिनं कणगीमागं ठेवली होती. असा पट्टा सिरसाळ्यात काय, बीडमध्येही मिळत नव्हता. सोलापूरहून आणायचा तरी किती दिवस लागतील ते सांगता येत नव्हतं. आप्पा अडकले होते हे तिला कळत होतं. पण आपण त्याच खोलीत, त्याच अंधारात, आता स्वतःच्या हातानं कोंडून बसलो आहोत हेही तिला कळत होतं. सुंदरबाई रडत म्हणाली, “छबे, दे टाकून. मोठ्या माणसाशी वाकडं घेऊन आपल्याला कुठं जागा हाय?” बाहेरून आप्पांचा माणूस येऊन दार वाजवून जायचा. पाणी आणायला ती अंधार असतानाच जायची, आणि जाताना सासूला आतून अडसर लावायला सांगायची.

अमीन आला नाही. आप्पांची बायको नीलम्मा आली. तिनं दारावर थाप मारून नाव सांगितलं, तेव्हा छबुबाईनं दार उघडलं. नीलम्मा आत येऊन बसली. इकडंतिकडं बघून तिनं विचारलं, “आत उजेड कुठनं येतो गं?”

“दार उघडं असलं की दारातनं.”

“आन इंजन चालू असलं की?”

“लावून घ्यायचं. भुसा येतो.”

“लाव बघू,” नीलम्मा म्हणाली.

छबुबाईनं दार लावलं. चुलीची धग होती, माळवद तापलेलं होतं, कोपऱ्यात म्हातारी कण्हत होती आणि गहिनीनाथच्या जखमेचा वास खोलीभर होता. नीलम्मा बराच वेळ तशीच बसली. मग उठून घरी गेली.

घरी तिनं काय सांगितलं ते कुणाला ठाऊक नाही. पण आप्पांनी मस्तान मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

मिस्त्री आला, गहिनीनाथचा हात पाहिला आणि पडवीच्या पायरीवर डोकं धरून बसला. “मैं तो पैलेच बोला था,” एवढंच म्हणाला. मग छबुबाईनं त्याला जे पाहिलं ते सगळं सांगितलं, फळीनं पातं कसं आवळलं आणि ती कशी उलटी आली. तो ऐकत गेला. त्यानं सांगितलं की इंजन पलीकडच्या अंगाला नेता येईल, म्हणजे पट्टा दारापुढून जाणारच नाही. पात्याच्या मागं लोखंडाची पातळ पाचर बसवू, म्हणजे चीर मिटणार नाही. वरून लाकडाची टोपी घालू. आणि मोकळी फिरणारी दुसरी पुली बसवून एक दांडा ठेवू, दांडा ओढला की पट्टा तिच्यावर सरकेल आणि इंजन चालू असलं तरी करवत थांबेल.

“एवढं होत होतं तर आधी का केलं नाही?” आप्पांनी विचारलं.

“वक्त लागतो, आप्पा. तुम्हाला घाई होती.”

आप्पांनी दारापुढच्या मोकळ्या जागेकडं पाहिलं. मग म्हणाले, “ठीक. कर. पण काम थांबायचं नाही. केजचा माणूस येईलच.”

तेव्हा छबुबाई दारातून म्हणाली, “माणूस नगं. मी चालवते.”

सगळे तिच्याकडं बघायला लागले. तिला हौस नव्हती. पण पडवीत परका माणूस राहायला आला की आज ना उद्या खोलीही त्याची होणार, हा हिशेब नवऱ्यानं तिला कधीच सांगून ठेवला होता. दुसरी वाट तिला दिसत नव्हती.

आप्पा हसले नाहीत. कदाचित घरी नीलम्माला तोंड द्यायचं होतं म्हणून असेल. “बघू,” म्हणाले. मिस्त्री कामाला लागला, आणि पट्टा तिनं स्वतःच कणगीमागून काढून त्याला दिला.

खरी अडचण घरातच निघाली. मिस्त्रीनं सांगितलं होतं, करवतीपुढं सैल काही नको. पदर, पंचा, बांगडी, काही नको. कासोटा आवळता येत होता, केसांना फडकं बांधता येत होतं, मंगळसूत्र चोळीत खोचता येत होतं. बांगड्यांचं काय करायचं? सुंदरबाईनं सुनेचे हात धरले. “नवरा जिता असताना हात उघडे करतीस? गावात तोंड कसं दाखवू मी?”

छबुबाईलाही ते जड जात होतं. ती मनगटं मांडीवर ठेवून बसून राहिली. तेव्हा अपघातापासून धड न बोललेला गहिनीनाथ म्हणाला, “काढ.”

“अरे, लोक काय म्हणतील?” आई म्हणाली.

“म्हणू दे. मी हाय की इथं बसलेला. ज्याला दिसत न्हाई त्यानं येऊन बघावं.”

तिनं बांगड्या काढल्या. फोडल्या नाहीत, एकेक करून काढून फडक्यात बांधल्या. रोज सकाळी काढायच्या आणि इंजन बंद झालं की घालायच्या. पाणवठ्यावर बायका कुजबुजल्या. एकदोघींनी हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं. ते तिला लागलं, पण तिनं कुणाशी भांडण काढलं नाही.

गहिनीनाथला तिनं दांड्यापाशी बसवलं. उजवा हात दांड्यावर, नजर तिच्या हातांवर. तिचं काम चालू असेतोवर त्यानं उठायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, तपकीरसुद्धा ओढायची नाही. लाकडाचं शेवटचं टोक ती हातानं कधीच ढकलत नसे. खाच पाडलेली काठी घेऊन ढकलायची. बाभळीच्या फळीत चीर मिटताना दिसली की ती नुसती मान हलवायची आणि गहिनीनाथ दांडा ओढायचा. पहिल्या दिवसांत तिचं अंग इतकं आखडायचं की संध्याकाळी भाकरी थापता यायची नाही. मग सासू थापायची.

पुढं कितीतरी वर्षं ती करवत चालली आणि तिच्यावर कुणाचं बोट गेलं नाही. लोक याला तिची हुशारी म्हणायचे. ती म्हणायची, “भीती हाय ती. भीती गेली की मी बंद करीन.” भीती गेली नाही आणि काम बंद झालं नाही. भाऊ पंचमीला न्यायला यायचा आणि एकटाच परत जायचा, कारण ती गेली तर करवतीपुढं दुसरा कुणी उभा राहणार, आणि ते तिला चालणार नव्हतं. गहिनीनाथ कधीकधी वैतागायचा. जन्मभर वाकस चालवलेला माणूस, आता एका दांड्याला बांधल्यासारखा झाला होता. “मला उठू दे,” तो म्हणायचा. “मी उठले की तुमी उठा,” ती म्हणायची. दारापुढचा पट्टा गेला होता, दार दिवसभर उघडं असायचं, आत उजेड यायचा. सुंदरबाईचे शेवटचे दिवस त्या उजेडात गेले. पण त्या दारातून बाहेर पडून छबुबाई फार तर मेजापर्यंत जायची.

निजामाचं राज्य संपलं त्या धामधुमीत तेल मिळेनासं झालं आणि इंजन बंद पडलं. पुढं आप्पांचा मुलगा कल्याणराव यानं बाजाराबाहेर मोठा कारखाना टाकला आणि जुनी करवत भंगारात काढली. घराच्या जागेबद्दल त्यानं विचारलं नाही. बहुतेक त्याला आठवतही नव्हती. गहिनीनाथ त्याआधीच गेला होता.

आता छबुबाई मोकळी होती. भाऊ आला आणि ती उमापूरला गेली. सणाला जमलेल्या बायका तिच्याशी बोलायला बसल्या, पण इतकी वर्षं इंजनाजवळ काढल्यानं तिला हळू बोललेलं ऐकू येत नव्हतं. त्या बोलायच्या, ती नुसती बघत राहायची. त्यांना वाटलं, बाईला गर्व झालाय. सण संपायच्या आतच ती परत आली. पोचवायला आलेल्या भावानं विचारलं, इतक्या लवकर का? ती मोठ्यानं, ओरडल्यासारखंच म्हणाली, “तिथं लई गप्प गप्प वाटतं.” मग घर झाडून तिनं पडवीत गोधडी टाकली आणि दिवस मावळेपर्यंत तिथंच बसून राहिली.